सासुरवाडीकडून खेळलेला डाव

आमच्या भागात जावई म्हणजे देवाला सोडलेला वळू. त्याला कुणी हाकायचं नाही, कुणी बांधायचं नाही, उभ्या ज्वारीत शिरला तरी "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत बाजूला व्हायचं. निजामाच्या राज्याची अखेरची वर्षं चालू होती, त्यातल्या एका चैत्रात मी असा वळू झालो. तेही हुतूतूच्या मैदानात आणि चाळिशीला टेकलेलं वय घेऊन. त्याची लाज मला अजून वाटते. लोक म्हणतात, काळ गेला की अशा गोष्टींचं हसू येतं. मला आलं नाही.

गोदावरीला आमच्याकडे गंगा म्हणतात. गंगेच्या अलीकडे, अंबडच्या वाटेला, महादेवाचं एक जुनं देऊळ आहे. देवळाच्या एका अंगाला आमचं गाव, दुसऱ्या अंगाला माझी सासुरवाडी. चैत्रात जत्रा भरायची. दोन्ही गावं गंगेचं पाणी कावडीत भरून पायी आणायची आणि कुणाची कावड आधी आत जाणार, हे जत्रेच्या सकाळी हुतूतूच्या डावावर ठरायचं. जिंकलेल्या गावाची कावड आधी. तिच्यामागं त्या गावातला लहानथोर जो तो आपापला तांब्या घेऊन आत जाणार, निवांत पाणी घालणार, निवांत घंटा वाजवणार. तोवर हरलेल्या गावानं दाराबाहेर थांबायचं. कावड जमिनीला टेकवायची नाही, त्यामुळं ती खांद्यावर घेऊनच थांबायचं. वर चैत्राचं ऊन, खाली तापलेली फरशी आणि पाय अनवाणी.

माझे सासरे त्यांच्या गावच्या कावडीचे मानकरी होते आणि त्यांची कावड वर्षानुवर्षं बाहेरच थांबत आली होती. कारण आमच्या गावाकडून मी खेळत होतो.

आता स्वतःची टिमकी कशाला वाजवायची, पण तेव्हा माझा दम खरोखर मोठा होता. हुतूतूत सगळा खेळ एका दमाचा. तोंडानं 'हुतूतू' चालू ठेवून समोरच्यांच्या अंगणात शिरायचं, गडी मारायचा आणि दम तुटायच्या आत मधल्या रेघेला परतायचं. पकडलं तरी दम साबूत ठेवून रेघेला बोट लावलं, की ज्यांनी पकडलं ते सगळे बाद. मी तिघातिघांना ओढत रेघेवर आणलेलं लोकांनी पाहिलेलं आहे. लग्नानंतरही दरसाल मी सासऱ्यांना उन्हात उभं केलं आणि संध्याकाळी त्यांच्याच घरी पाटावर बसून जेवलो. त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. एकदाच, पायाला तेल चोळता चोळता म्हणाले, "जावईबापू, तुमचा दम लई भारी हाय बघा. पण ती फरशी बी लई तापती." मी हसलो होतो.

त्या वर्षी आमच्या संघाचा म्होरक्या माझा पुतण्या झाला, थोरल्या भावाचा मुलगा. घरातलंच पोर. हुतूतू त्याला मीच शिकवला होता. पकडताना कमरेला मिठी कशी घालायची, डोकं समोरच्याच्या छातीखाली कसं रोवायचं, हे त्याला मी आमच्या खळ्यात कडब्याच्या पेंढ्यांवर पाडून शिकवलेलं. जत्रा जवळ आली तेव्हा तो मोटेवर आला. मी बैल वळवत होतो. थोडा वेळ विहिरीत बघत उभा राहिला आणि म्हणाला, "काका, औंदा तुमी पंचापाशी बसा. जाणत्या माणसाची नजर लागती तिथं."

मी म्हणालो, "बराबर हाय." बैलांना मात्र त्या दिवशी उगाच चाबूक बसले.

जत्रेचा एक जुना नियम होता. खेळणारा गावचाच हवा, बाहेरून आणलेला गडी चालायचा नाही. पण जावई दोन्ही गावांचा धरत. म्हणजे सासुरवाडीनं मला मागितलं असतं तर मी त्यांच्याकडून खेळू शकत होतो. आजवर तशी वेळच आली नव्हती, माझं गाव मला सोडत नव्हतं. आता सोडलं होतं. दोन दिवसांनी मेहुणा गाडी जुंपून बायकोला माहेरी न्यायला आला आणि मीही बोलावणं नसताना गाडीत चढून बसलो. मेहुणा त्यांच्या संघाचा म्होरक्या. वाटेत मी नुसतं एवढंच म्हणालो, "आमच्याकडून मी औंदा खेळत न्हाई." तो "असं का?" म्हणाला आणि बैलांच्या शेपट्या पिळू लागला. बायकोनं माझ्याकडं एकदा पाहिलं. तिला सगळं कळलं असावं, तिला नेहमीच कळायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओसरीवर आडवा झालो होतो. ओसरीच्या भिंतीपलीकडं गोठा. गोठ्यात त्यांच्या संघाची बैठक बसली होती आणि बैठकीचा विषय मी होतो. जावई झोपला आहे, असा त्यांचा समज. मला उठून खोकता आलं असतं. नाही खोकलो. डोळे मिटून पडलो आणि कान भिंतीला लावले.

एक जण म्हणाला, "दाजीला घ्याचं तं बशवायचं कोणाला?"

बसवायचं होतं ते धाकट्या मेहुण्याला, म्हणजे सासऱ्यांच्या भावाच्या मुलाला. विशीतलं पोर, उंच, पाठीला हात मारला तर आपलाच हात दुखावा असं अंग. त्यानं वर्षभर नदीच्या वाळूत पळून पळून दम कमावला होता, हे मला बायकोनं सांगितलेलं.

मेहुणा म्हणाला, "दाजी आता दमावर न्हाई खेळत, डोळ्यावर खेळतेत. कोण कुठून येणार ते त्याह्यला आधीच दिसतं. आन् समोरची सगळी पोरं त्याह्यनीच शिकवल्याली हायेत. कोणाची खोड काय, त्याह्यला पाठ हाय."

"खोड पाठ असून काय करता? गुडघा ऐकाया पाह्यजे ना. काल गाडीतून उतरताना पाह्यलं म्या, चाकाला धरून उतरले."

यावर कुणीतरी हसलं. मी पडल्या पडल्या गुडघा हळूच लांब केला.

मग मेहुणा जे बोलला ते मला पुढं फार दिवस आठवत राहिलं. "माझं भ्याव येगळंच हाय," तो म्हणाला. "दुसरा गडी न्हाई चालला तं त्याला 'बस खाली' म्हणता येतं. जावयाला कसं म्हणावं? एकदा घेतला म्हंजी घेतला. तो आपण होऊन न्हाई म्हणंस्तोवर त्याला काढता येत न्हाई. आन् दाजी काय न्हाई म्हणत नसतेत."

मग सासरे बोलले. ते सगळ्यांत शेवटी बोलायचे. "मला इतकी सालं उन्हात कोणी उभं केलं? त्यानंच. आता त्यानंच आत न्यावं. माझी ही शेवटची कावड हाय, पुढच्या साली खांदा द्याला मी असन का नसन. तुमाला काय करायचं ते करा, मी मनातलं बोललो."

तिथंच ठरलं. धाकट्याला विचारलं. तो म्हणाला, "मी बसतो ना खाली. दाजीच्या म्होरं मी काय हाय?" त्याचा आवाज इतका सरळ होता, की मला भिंतीकडं तोंड करावंसं वाटलं.

लाज वाटली होती, तर संध्याकाळी 'मला जमायचं नाही' म्हणून मोकळं व्हायला हवं होतं. पण सासरे ओसरीवर आले, माझ्यासमोर गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाले, "जावईबापू, औंदा आमच्याकडून." मी थोडे आढेवेढे घेतले. वयाचं कारण सांगितलं, तेही असं की समोरच्यानं खोडून काढावं. त्यांनी खोडलं. मी गूळ खाल्ला.

सराव नदीकाठी वाळूत व्हायचा. पहिल्याच दिवशी मी चार गडी मारून परतलो. दुसऱ्या दिवशी दोघांना ओढत रेघेवर आणलं. मला वाटलं, अरे वा, दम गेला कुठं आहे, आमच्याच गावाला किंमत कळली नाही. पकडताना मेहुणे माझ्या धोतराला धक्का लागू देत नाहीत, खाली पडलो तर हात देऊन उठवतात आणि पाठीवरची वाळू झटकतात, हे मला दिसत होतं. पण तो मला माझ्या दमाचा दरारा वाटला. जावयाला कुणी आपटत नसतं, एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नाही. धाकटा रेघेबाहेर सगळ्यांचे सदरे सांभाळत बसायचा. मी परतलो की "वा दाजी!" म्हणायचा.

जत्रेची सकाळ उजाडली. खेळणाऱ्या प्रत्येकानं पिंडीवर बेल वाहून डोकं टेकवायचं, मगच मैदानात उतरायचं. याचं कारण दमाचा न्याय. जत्रेत हलग्या कडकडत असतात, माणसं ओरडत असतात, गड्याचा दम कुठं तुटला हे लांब उभ्या पंचाला काय ऐकू येणार? म्हणून आमच्याकडं रीत अशी, की दमाचा निवाडा पकडणाऱ्यानं द्यायचा. ज्याचं डोकं छातीशी तोच सांगणार, तुटला की साबूत. तो म्हणेल ते पंचानं मानायचं, कारण महादेवाच्या दारात बेल वाहून खोटं कोण बोलणार? आणि चढाई करणाऱ्याचा शब्द मात्र अजिबात धरायचा नाही. त्याला विचारलं तर तो साबूतच म्हणणार.

मी सासुरवाडीच्या बाजूनं उभा राहिलो तसा आमच्या गावाकडं गलका झाला. थोरला भाऊ कावडीला खांदा देऊन उभा होता. आमच्या कावडीचा मान आमच्याच घराकडं. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मान वळवली.

पहिल्या दोन चढाया बऱ्या झाल्या. पोरांच्या खोडी मला खरंच पाठ होत्या. एक जण डावा पाय आधी उचलतो, त्याला तिथंच गाठला. एक जण मागं बघतो, त्यालाही गाठला. पण तिसऱ्या चढाईला छातीत भाता हलल्यासारखं व्हायला लागलं. मग मी नुसता रेघेवर नाचून परत येऊ लागलो. माझ्या बाजूचे एकेक गडी मरत गेले आणि शेवटी आमच्यात मी एकटा उरलो. समोर तिघं, त्यांत पुतण्या. एक चढाई, तिच्यात काय तो निकाल.

मी शिरलो. दोघं बाजूंनी सरकले. पुतण्या समोरून आला आणि त्यानं कमरेला मिठी घातली. डोकं बरोबर छातीखाली रोवलं, शिकवलं होतं तसंच. दोघं पाठीवर पडले. मी रेघेकडं सरकत होतो, हात लांब केला होता, आणि रेघ अजून हातभर लांब असताना माझा दम तुटला.

तुटला म्हणजे कुणालाही कळेल असा तुटला. 'हुतू' म्हणालो आणि पुढं काही आलंच नाही, नुसती शिट्टीसारखी हवा. तोंडात माती गेली होती. पुतण्याचा कान माझ्या बरगडीला चिकटलेला. मी अंग सोडून दिलं, म्हटलं संपलं. आणि त्याच क्षणी कमरेची मिठी सैल झाली. ती पकड आपोआप सुटणारी नव्हती, कारण कशी सुटू द्यायची नाही हे मीच त्याला शिकवलं होतं. मी पुढं घसरलो आणि माझी बोटं रेघेवर पडली.

पंच धावत आला. "दम?"

पुतण्या उठून बसला. धूळ पुसत म्हणाला, "साबूत हाय. न्हाई तुटला."

मी उभा राहिलो. आयुष्यात काही गोष्टी मी वेळेवर केल्या आहेत, त्यांतली ही एक. मी मोठ्यानं म्हणालो, "तुटला. माझा दम तुटला व्हता."

पंच खो खो हसायला लागला. "तुमचा शबूद कोण धरतं पाव्हणं? पकडणारा म्हणून राह्यला साबूत हाय, मंग हाय." मी पुन्हा म्हणालो, "आहो, बिलकुल तुटला व्हता, रेघेच्या हातभर आधी." तोवर सासुरवाडीची माणसं मैदानात शिरली होती. कुणीतरी ओरडलं, "जावई पाहा कसा हाय! जिंकून बी रतीभर गर्व न्हाई!" मग तर मला खांद्यावरच घेतलं. मी वरून ओरडत होतो तुटला, तुटला, आणि खालून हलगी वाजत होती. जितकं खरं बोललो तितका मोठा झालो.

सासऱ्यांनी माझ्या डोक्याला फेटा बांधला. बांधताना फेट्याचा पदर दोनदा सुटला. मग त्यांनी कावडीला खांदा दिला आणि उंबऱ्यातून आत गेले. आत जाताना ते रडत होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

मी आत गेलो नाही. फेटा बांधलेला तसाच आमच्या गावाच्या रांगेत आलो. फरशी एव्हाना चटके देत होती. थोरला भाऊ कावडीखाली उभा होता, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत. मी म्हणालो, "भाऊ, दे, मी घेतो खांद्यावर."

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

"पोरानं माझी कीव केली," मी म्हणालो. "माझा दम तुटलेला त्याला ऐकू आला व्हता. त्यानं असं कराया नव्हतं पाह्यजे. मला नको कोणाची कीव."

भावानं कावडीचा खांदा बदलला. तो मुळातच कमी बोलणारा, आणि वरून ऊन लागलेलं. "कीव?" तो म्हणाला. "उगा फुगू नको. तू वाळूत त्याह्यच्याकडून खेळून राह्यला हे कळलं, तव्हाच त्यानं मला इचारलं व्हतं. त्याह्यच्यात ते धाकटं पोरगं हाय ना, वाळूत पळणारं? औंदा न्हाई तं पुढच्या साली ते आपल्याला आडवं करणार, ते काय आपल्याला कळत न्हाई? पण तू जिंकला तं तुझी जागा पक्की. जावयाला ते काढणार न्हाईत. तू हायस तंवर ते पोरगं सदरे धरून बसतं. एक साल उन्हात उभं ऱ्हायचं, पुढची सगळी आपली."

"पण बेल वाहून खोटं बोलला तो."

"खोटं बोलून हरला," भाऊ म्हणाला. "त्याला पाप कसलं?"

कीव असती तर मी ती गिळली असती. कीव करायला निदान मागं काही माया लागते. इथं दोन्ही गावांनी मला बरोबर तोलला होता. एकानं गोठ्यात, एकानं खळ्यात, आणि दोघांचा तोल सारखाच आला होता. फरक एवढाच, की एकाला मला काढता येत नव्हतं आणि दुसऱ्याला ते माहीत होतं. मी फेटा काढावा म्हणून हात वर केला, तेवढ्यात देवळातून सासरे बाहेर आले. ओले, हसरे, दहा वर्षांनी तरुण झालेले. माझ्या खांद्यावर हात ठेवून आमच्या सगळ्या गावासमोर म्हणाले, "पुढच्या साली बी तुमीच, जावईबापू. आता तुमाला सुट्टी न्हाई."

आमच्या रांगेत पुतण्या होता. तो खाली फरशीकडं बघत होता.

आता मी काय करायचं? खरं सांगावं, तर सासऱ्यांची कावड खोटी ठरणार. त्या माणसाला मिळालेलं ते एकच सुख, ते दुपारच्या आत हिसकून घ्यायचं? नुसतं 'पुढच्या साली जमायचं नाही' म्हणावं, तर ते आग्रह करणार आणि मी आग्रहाला बधतो, हे मला गुळाच्या खड्यावरून कळलं होतं. त्या दुपारी मला एकच वाट दिसली. जावयाला काढता येत नाही हे खरं, पण जावयाला रुसता येतं. तो त्याचा हक्कच आहे. आणि रुसून गेलेल्याला पुन्हा मैदानात कुणी बोलावत नाही.

संध्याकाळी सासऱ्यांच्या अंगणात पंगत बसली. संघातली सगळी पोरं, भावकी, आणि मध्ये माझा पाट. ताटाभोवती रांगोळी. पुरणपोळी वाढली. पोळीवर सासूबाईंनी तुपाची धार धरली, चांगली घसघशीत. मी ताटाकडं पाहिलं आणि म्हणालो, "एवढंच का?"

त्यांनी आणखी वाढलं.

"असं तूप आमच्याकडं सालगड्याच्या ताटात वाढतेत," मी म्हणालो. माझा आवाज मला ओळखू येत नव्हता. "तुमची कावड मी आत नेली. आन् मला हे तूप?"

धाकट्या मेहुण्याचा घास हातातच राहिला. मेहुण्यानं आधी ते हसण्यावारी नेलं, "दाजी, आज लई भूक लागल्याली दिसती." मी हसलो नाही. उलट शेजारच्या कुणाच्या तरी ताटाकडं बोट दाखवून म्हणालो, त्याला जास्ती वाढलं. शेवटी मेहुण्याचा तोल सुटला. "दाजी, तुपासाठी? आज? बाबा इतके खूश हायेत, आन् तुमी तुपासाठी बोलून राह्यले?"

"तू गप ऱ्हाय," सासरे म्हणाले. ते उठले, आत गेले आणि तुपाचं सगळं मडकंच घेऊन आले. सकाळपासून अनवाणी चालून त्यांची पावलं सुजलेली होती. ते माझ्यासमोर वाकले आणि म्हणाले, "चुकलं आमचं, जावईबापू. जेवा."

त्यांनी मडकं वाकडं करायच्या आत मी ताटावरून उठलो. भरल्या ताटावरून उठणं म्हणजे काय, हे आमच्याकडं सांगावं लागत नाही. मी मोठ्यानं म्हणालो, "पुन्हा मला खेळाला बलावू नका." आणि जत्रेसाठी घरून मागवलेल्या आमच्या गाडीला बैल जुंपायला गेलो. जुवाची खीळ लवकर बसेना. सासरे मडकं धरून तसेच वाकलेले होते, हे मला गाडीजवळून दिसलं.

गाडीनं गावाची शीव ओलांडल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. दमाचं, पुतण्याचं, भाऊ बोलला ते. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजी हे मला माह्या बापाला कव्हाच सांगता यायचं न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई."

"त्याह्यनी इचारलं, तुहा नवरा असा कसा, तं काय म्हणू?"

तिनं पदर तोंडाला लावला आणि घर येईपर्यंत काढला नाही.

पुढच्या चैत्रात जत्राच भरली नाही. रझाकारांची धास्ती होती, गावंच्या गावं रानात जाऊन राहत होती, कावड कुठली आणि हुतूतू कुठला. राज्य बदललं, त्यानंतर केव्हातरी जत्रा पुन्हा सुरू झाली. धाकटा मेहुणा खेळला आणि भाऊ म्हणाला होता तसंच त्यानं आमच्या गावाला आडवं केलं. त्याचा दम पंचापर्यंत ऐकू येत होता. त्यांची कावड त्या दिवशी खरी आत गेली, पण सासरे ती बघायला नव्हते.

ते गेले धास्तीच्या त्या दिवसांतच. त्याआधी, ते फार आजारी असल्याचा निरोप आला तसे आम्ही दोघं गेलो. पंगतीतून उठल्यापासून मी त्या घराची पायरी चढलो नव्हतो. गोठा मोकळा होता, जनावरं कुठं विकली, कुठं गेली, मी विचारलं नाही. म्हातारा अंथरुणाला खिळलेला, आवाज खोल गेलेला. मी पायाशी बसलो. मेहुणा मला पाहून उठून बाहेर गेला. मला वाटलं, आता सांगावं, एवढ्यापुरतं तरी सांगावं. तोंड उघडलं, आणि त्यांच्या उशाशी कोनाड्यात मला त्या कावडीच्या पाण्याची बाटली दिसली, बूच लावून जपून ठेवलेली. मी तोंड मिटलं.

त्यांनी मला ओळखलं. हात उचलून सुनेला जवळ बोलावलं आणि काहीतरी पुटपुटले. ती आत गेली, ताट करून घेऊन आली. भाकरी होती आणि आमटी होती. घरात तेव्हा दुसरं काही नसावं. तिनं ताट माझ्यापुढं ठेवलं आणि एक लहानसं बोळकं आणलं. तळाशी जेमतेम बोटभर तूप होतं.

"मामंजींनी ठिवाया लावलं व्हतं," ती म्हणाली. "औषधाला बी काढू देलं न्हाई. म्हन्ले, जावई आले तं लागंल."

तिनं बोळकं खरवडून सगळं माझ्या भाकरीवर घातलं. सासरे मान कलती करून बघत होते. ते पुरेसं झालं का, एवढंच त्यांना बघायचं होतं. मी मान हलवली, लई झालं म्हणालो, आणि त्यांच्यासमोर बसून ती भाकरी सगळी खाल्ली.